थारोळे हरवलेले पाणी

'थारोळे' हा शब्द आजच्या मराठी वाचकाला भेटतो तो बहुधा वर्तमानपत्रातील गुन्ह्याच्या बातमीत. कोणी तरी 'रक्ताच्या थारोळ्यात' पडलेला आढळतो, आणि तेवढ्यापुरताच हा शब्द जिवंत राहिला आहे. ज्यांचे बालपण विहिरीच्या काठी गेले त्यांना मात्र थारोळे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि तिचे पाणी ज्या दगडी कुंडीत धो धो कोसळे ते थारोळे. तेथे पाण्याचा वेग मोडे, बरोबर आलेला गाळ तळाशी बसे आणि शांत झालेले पाणी पाटात शिरून वाफ्यांकडे जाई. 'थारा' या शब्दाशी थारोळ्याचे नाते असावे, असे आम्हांस वाटते. जमिनीतून वर काढलेल्या पाण्याला मिळणारा तो पहिला थारा होता.

हा शब्द आठवण्यास एक घटना कारण झाली. आमच्या धारवाडच्या जुन्या घराच्या परसात एक आड आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या जागेवर तळघर असलेली इमारत उभी राहू लागली. चैत्रात खणण्यास सुरुवात झाली. प्रथम तांबडी माती, मग मुरूम, मग ठिसूळ झालेला खडक, आणि पुरुष-दीड पुरुष खोलीच्या पुढे पाणी. पंप आला, जाड नळी आली, आणि ते पाणी रात्रंदिवस गल्लीच्या गटारात पडू लागले. पाण्याचा रंग हळद घातलेल्या ताकासारखा होता. आठवड्याभरात आमच्या आडाचा पोहरा तळाला लागला. त्यानंतर परसाच्या भिंतीला बोटभर भेग पडली. पुढे मृगाचा पहिला मोठा पाऊस आला तेव्हा गटार गाळाने भरलेले असल्याने पाणी गल्लीच्या उताराकडील दोन घरांत शिरले.

आम्ही त्या कामाच्या मुकादमाकडे गेलो. तो उद्धट नव्हता. त्याने आम्हांस खुर्ची दिली, चहा मागवला आणि सहज विचारले, "साहेब, खड्ड्यातले पाणी ते. ते कुणाचे असते?"

या प्रश्नाला आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. याचे कारण असे की शासकीय सेवेत असताना बांधकामांची अंदाजपत्रके आमच्या मेजावरून शेकड्यांनी गेली होती. पायाच्या खोदकामाच्या बाबीत एक ठरीव वाक्यांश असे : 'आवश्यक तेथे पाणी उपसण्यासह'. दर त्यात धरलेला असे. पाणी उपसून पुढे कोठे न्यावयाचे, कोणत्या अवस्थेत सोडावयाचे, याबद्दल त्या वाक्यांशात एक अक्षर नसे, आणि ते नाही हे आमच्या कधी ध्यानातही आले नाही. मुकादमाचा प्रश्न म्हणजे आमच्याच सह्यांचा अर्थ होता. म्हणून त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, असे आम्ही ठरविले.

आपली मराठी घराणी या भागात वेगवेगळ्या काळी आली. काहींचे पूर्वज पेशवाईच्या अमलात आले. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने इंग्रजांच्या साह्याने टिपूच्या सरदाराकडून धारवाडचा किल्ला घेतला, त्या वेढ्याच्या आठवणी काही घरांतून अजून सांगितल्या जातात. काही कुटुंबे पुढे मुंबई सरकारच्या कचेऱ्यांबरोबर, काही रेल्वेबरोबर, काही व्यापाराबरोबर आली. आमच्या घराण्यात असे सांगतात की मूळ पुरुषाने येथे जागा घेतल्यावर आधी आड खणला आणि मग घर बांधले. यात धार्मिक भाग असेल, पण व्यवहारही होता. आड खणताना निघालेला दगड जोत्याला लागला, माती भिंतींना लागली आणि उपसलेले पाणी चुना विझविण्यास व माती मळण्यास लागले. खणण्याचे काम उन्हाळ्यात, कारण तेव्हा जमिनीतील पाणी सर्वांत खाली असते. थोडक्यात, उपसावे लागणारे पाणी मुळातच कमी असावे अशी काळजी घ्यावयाची आणि जे उपसले त्याला काम द्यावयाचे, ही पद्धत होती. ती फार थोर होती असे आमचे म्हणणे नाही. पाणी माणसाच्या आणि बैलाच्या बळावर वर येत होते, म्हणून ते फुकट घालविणे परवडत नव्हते, एवढेच.

गढूळ पाणी निवळण्याची विद्याही आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याविषयी 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे. त्यात विहिरीचे गढूळ अथवा बेचव पाणी सुधारण्यासाठी अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा आदींच्या चूर्णाबरोबर निवळीचे फळ वापरण्यास सांगितले आहे. निवळीचे बी माठाच्या आतल्या अंगाला घासण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. तुरटीचा खडा पाण्यातून फिरविणे तर परवापरवापर्यंत घरोघरी चाले. यामागील शास्त्र आज नीट समजले आहे. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे तरंगत राहतात, आणि तुरटी वा निवळी त्यांना एकत्र आणून जड करते. मनुस्मृतीत याच फळाचा दाखला नाव आणि कृती यांतील अंतर दाखविण्यासाठी आला आहे. तो दाखला पुढे आम्हांस पुन्हा आठवावा लागणार आहे.

आमच्या जुळ्या शहरांची भूमीही या प्रकरणात एक पक्षकार आहे. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८० च्या दशकात येथील प्राचीन खडकांच्या समूहाला धारवाडचेच नाव दिले, आणि ते नाव जगभरच्या ग्रंथांत रूढ झाले. हे पापुद्र्यांचे खडक हजारो वर्षे ऊन-पावसात राहून वरच्या थरात कुजतात, त्यांची बारीक चिकणमाती होते. विहिरींचे पाणी मुख्यत्वे याच कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत साठते. हुबळीकडे जावे तसतशी काळी जमीन सुरू होते, ती तर चिकणमातीचेच आगर. म्हणजे येथे पायासाठी खणावे तर नेमका पाण्याचा थर कापला जातो, आणि उपशाबरोबर जी माती येते ती सहजी खाली न बसणारी असते.

दुसरे वैशिष्ट्य उताराचे. उळवी चन्नबसवेश्वराच्या देवळावरून जलविभाजक रेषा जाते, एका बाजूचे पाणी पश्चिम समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचे पूर्व समुद्राला मिळते, असे धारवाडकर अभिमानाने सांगतात. शाल्मला येथेच उगम पावते, तिचे पाणी बेडतीत आणि पुढे गंगावळी या नावाने अरबी समुद्रात जाते. हुबळीचा उणकल नाला मात्र बेण्णीहळ्ळाकडे, तेथून मलप्रभेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. गल्लीच्या कोणत्या अंगाला नळी टाकली यावर आपला गाळ कोणत्या समुद्राच्या वाटेला लागणार हे ठरते. अर्थात समुद्रापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. वाटेतल्या तळ्यांत तो बसतो. साधनकेरी, कोळीकेरी, केलगेरी, नुग्गीकेरी, हुबळीचे उणकल आणि तोळणकेरी ही नुसती नावे घेतली तरी 'केरी' म्हणजे तळे हा शब्द किती वेळा येतो पाहा. मातृभाषा मराठी असूनही कन्नडचे थोर कवी झालेले द. रा. बेंद्रे याच साधनकेरीच्या काठी राहिले. ही तळी गावाची थारोळीच होती. उताराचे पाणी तेथे थांबे, निवळे आणि मग पुढे जाई.

मग ही रीत मोडली कशी? एका दिवसात नव्हे. आमच्या मते तीन टप्प्यांत मोडली, आणि प्रत्येक टप्प्याला त्या काळी सबळ कारण होते.

पहिला टप्पा रोगाच्या भीतीचा. हुबळीत नगरपालिका १८५५ साली आणि धारवाडात १८५६ साली स्थापन झाली. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, १८८५ साली हुबळीचा रेल्वे कारखाना उभा राहिला. रुळांचे बांध घालण्यासाठी शेजारचीच माती खणून घेत, आणि त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी महिनोन्महिने साचे. १८९८ साली हुबळीत प्लेगने हाहाकार माजविला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले होते. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि तेथील घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखविले. साचलेले पाणी हा शत्रू ठरला. खड्डा दिसला की पाणी काढा आणि शक्य तितक्या लवकर दूर घालवा, हा आरोग्यखात्याचा धडा झाला. तो चुकीचा नव्हता. त्याने असंख्य प्राण वाचले. फक्त 'दूर' म्हणजे कोठे, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

दुसरा टप्पा यंत्राचा. पायातील पाणी यंत्राने उपसण्याचा पराक्रम विलायतेत आधीच झाला होता. १८३८ साली खुल्या झालेल्या लंडन–बर्मिंगहॅम रेल्वेच्या किल्सबी बोगद्यात चालत्या वाळूचा थर लागला, तेव्हा रॉबर्ट स्टीफन्सन यांनी तेरा वाफयंत्रे लावून मिनिटाला सुमारे १,८०० गॅलन पाणी कित्येक महिने उपसले. आपल्याकडे हे सामर्थ्य सामान्य माणसाच्या हाती आले ते एका मराठी उद्योजकामुळे, आणि तोही आपल्याच मुलखातला. गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० च्या दशकात तेथे पंप तयार होऊ लागले. बैलांची पाठ सुटली, कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. या उपकाराचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण मोट आणि पंप यांत एक फरक राहिला. मोटेचे पाणी एकदम कोसळे, म्हणून तिला थारोळे बांधावेच लागे. पंपाच्या नळीला थारोळ्याची गरज नव्हती. नळी लांब करावी आणि तिचे तोंड हवे तेथे टाकावे. बागायतदाराने ते पिकाकडे वळविले. बांधकाम करणाऱ्याने गटाराकडे.

तिसरा टप्पा नळाचा. मुंबई सरकारच्या सेवेत असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी धारवाड व विजापूरच्या पाणीयोजनांवर काम केले होते. त्यांनीच सिंधमधील सक्करला १८९० च्या दशकात एक मार्मिक युक्ती केली. गाळण्याची मोठी यंत्रणा नगरपालिकेला परवडत नव्हती. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी उचलले. जमीन हीच गाळणी आहे, हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९५५ साली धुमवाडजवळ नीरसागर झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलो, १९६२ साली दोन्ही शहरांची एक महानगरपालिका झाली, आणि १९८० च्या दशकात सौंदत्तीकडून मलप्रभेचे पाणी अम्मिनभावीला शुद्ध होऊन घरोघर येऊ लागले. गंमत अशी की 'अम्मिनभावी' या गावाच्या नावातच भावी म्हणजे विहीर आहे. घरात नळ आल्यावर परसातील आड अडगळ झाला. काहींनी तो बुजविला, काहींनी त्यात निर्माल्य टाकले. जमिनीतील पाण्याशी असलेले आपले नातेच तुटले, आणि नाते तुटल्यावर 'ते कुणाचे' हा प्रश्न साहजिकच होता.

आता या पाण्याचे मोल आकड्यांत पाहू. लहानसा पंप सेकंदाला दोन लिटर पाणी काढतो असे धरा. दिवसाचे झाले १,७२,८०० लिटर. शहरवासीयास दरडोई दररोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. म्हणजे एका खड्ड्यातून बाराशेहून अधिक माणसांचे पाणी रोज गटारात जाते. आणि हे त्या शहरांत, जेथे अनेक भागांना नळाचे पाणी आजही काही दिवसांआड मिळते. आमच्या शेजारच्या कामावर तर एका बाजूने नळी पाणी बाहेर टाकीत होती आणि दुसऱ्या फाटकातून काँक्रीटवर मारण्यासाठी पाण्याचा टँकर आत येत होता. वास्तविक काँक्रीटच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंत तरंगता गाळ चालवून घेतला आहे. त्या पाण्याची एकदा तपासणी करून ते थोडे निवळू दिले असते तर बहुधा टँकरचे पैसे वाचले असते.

यापेक्षा गंभीर गोष्ट पायाच्या मजबुतीची. सुरुवातीला पाणी गढूळ येणारच. पण दिवसेंदिवस उपसूनही ते गढूळच येत राहिले तर खड्ड्याच्या भिंतींतून बारीक माती वाहून येत आहे असे समजावे, असे अनुभवी अभियंते सांगतात. ती माती शेजाऱ्याच्या घराखालची असू शकते. आमच्या भिंतीला भेग पडली तिचे कारण हेच होते असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. मात्र भेग उपशाच्या तिसऱ्या आठवड्यात पडली आणि उपसा थांबल्यावर वाढली नाही, एवढे खरे. पंपाच्या तोंडाशी खडी-वाळूची गाळणी असलेला चर खणला तर माती जागच्या जागी राहते आणि पाणीही स्वच्छ येते. शेजाऱ्याचे घर आणि गावचे तळे दोन्ही एकाच उपायाने वाचतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पाणी निवळण्याचे गणितही फार अवघड नाही. एक मीटर खोल शांत पाण्यात बारीक वाळूचा कण दोन मिनिटांच्या आत तळ गाठतो. त्याच्या दशांश आकाराच्या पोयट्याच्या कणास सुमारे तीन तास लागतात. आणखी दशांश आकाराच्या चिकणमातीच्या कणास जवळजवळ तेरा दिवस. आकार दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढतो, असा हा नियम आहे. सेकंदाला दोन लिटर येणाऱ्या पाण्यातील वाळू व पोयटा बसविण्यास सुमारे २२ चौरस मीटर पृष्ठभागाची टाकी, म्हणजे मोठ्या खोलीएवढी जागा, पुरते. मध्ये दोन आडभिंती घालून तीन कप्पे केले तर अधिक चांगले. चिकणमातीसाठी तेरा दिवस कोण थांबणार? तेथे आजीबाईंची तुरटी कामास येते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम धरली तरी दिवसाला पावणेनऊ किलोंच्या आत काम होते. नेमके प्रमाण ठरविण्यासाठी चार काचेच्या बाटल्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहणे पुरेसे असते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. सिमेंट धुतलेले पाणी अतिशय क्षारधर्मी असते आणि ते माशांना मारक ठरते, म्हणून ते या टाकीत मिसळू नये. आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून वाळवावी, नाही तर रॉस साहेबांच्या डासांची सोय होईल. निवळलेले पाणी आधी कामावर वापरावे, उरले ते झाडांना किंवा शेजारच्या आडांना परत द्यावे, आणि त्यातूनही उरले तरच नाल्यात सोडावे. मैलापाणी झिरपून आलेले किंवा तेलाचा तवंग असलेले पाणी मात्र आडात कदापि घालू नये.

कायदा नाही म्हणून हे होत नाही, असेही नाही. १९७४ साली जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. १९८१ साली बांधकामातील पाणी उपशासंबंधी भारतीय मानक, क्रमांक ९७५९, प्रसिद्ध झाले. पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या नियमांखाली सोडावयाच्या पाण्याच्या मर्यादा ठरल्या आहेत. नदी-नाल्यात सोडावयाच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, सार्वजनिक मैलावाहिनीत ६००, शेतजमिनीवर २००. आम्लता-क्षारता ५.५ ते ९ यांमध्ये असावी. कर्नाटकाने २०११ साली भूजल नियमनाचा कायदा केला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी बांधकाम प्रकल्पांतील उपशाचा स्वतंत्र विचार केला आहे, जरी त्या प्रामुख्याने स्वतःचे नियमन नसलेल्या राज्यांसाठी असल्या तरी. एवढे सगळे कागदावर आहे. येथेच मनुस्मृतीतील निवळीचा तो दाखला आठवतो. फळाचे नाव उच्चारून माठातले पाणी निवळत नाही, बी घासावे लागते. गल्लीतल्या लहान खड्ड्यापर्यंत हे कायदे पोहोचावयाचे ते अंदाजपत्रकातील एका ओळीतून, आणि ती ओळ आम्ही लिहिली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत आपल्या भागातील नाले कसे फुगले हे वाचकांच्या स्मरणात असेल. बेण्णीहळ्ळाच्या काठच्या नवलगुंद भागातील शेतकऱ्यांना तो ओढा दर काही वर्षांनी रडवितो. शहराचा गाळ हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पावसाचा जोर, अतिक्रमणे आणि कचरा ही कारणे मोठी आहेत. पण गाळाने उथळ झालेल्या नाल्यात पाणी कमी मावते, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. हुबळीत उणकल नाल्याच्या काठाने हरित मार्ग करण्याचे काम स्मार्ट सिटी योजनेतून हाती घेतले गेले, हे स्वागतार्ह आहे. मात्र काठ हिरवा आणि प्रवाह पिवळा, असे होऊ नये.

असो. आमच्या गल्लीची हकिकत पुरी करून हा लेख संपवितो. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या जागेवर खणण्यास सुरुवात झाली तेव्हा आम्ही चौघे शेजारी मालकांकडे गेलो. तक्रार घेऊन नव्हे, एक चिठोरे घेऊन. त्यावर तीन कप्प्यांच्या टाकीची आकृती आणि वरचे आकडे होते. मालक कन्नड, वयाने आमच्याएवढेच. आकृती पाहून ते म्हणाले, "हे तर आमच्या कपिलेचे कुंड." मोटेला कन्नडमध्ये कपिले म्हणतात. पुढे फारसे समजावावे लागले नाही. विटांची टाकी झाली, आमच्या परसातून सुतळीला बांधून तुरटी गेली, टँकर निम्म्याने कमी झाले, आणि एक नळी आमच्या आडाकडे वळली. आडाला उतार लागला, पण तळ दिसला नाही. सर्व यथासांग झाले असे मात्र नाही. वळवाच्या एका रात्री खड्डा भरला, रखवालदार घाबरला आणि त्याने नळी सरळ गटारात टाकली. सकाळी गल्ली पुन्हा पिवळी होती. दोन दिवसांनी सगळे पूर्ववत झाले.

मुकादमाच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो. खड्ड्यातले पाणी आसपासच्या सर्व आडांचे असते आणि पुढच्या सर्व तळ्यांचे असते. उपसणाऱ्याकडे ते काही काळ आलेले असते, इतकेच. आपल्या मंडळींपैकी, किंवा त्यांच्या मुलासुनांपैकी, जे कोणी आज अंदाजपत्रके करीत असतील वा त्यांवर सह्या करीत असतील, त्यांना आमची एकच विनंती आहे. 'पाणी उपसण्यासह' या शब्दांपुढे 'व ते थारोळ्यात निवळून सोडण्यासह' एवढे शब्द घालावेत आणि त्याचा दर धरावा. आम्ही तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते घातले नाहीत.